८०५१ च्या पोर्ट ० ला पुल-अप लागतोच

एटी८९एस५२ या ८०५१ जातीच्या मायक्रोकंट्रोलरला एलसीडी जोडली. पोर्ट २ वर (पोर्ट म्हणजे आठ पिनांचा गट) जो प्रोग्रॅम नीट चालतो, तोच पोर्ट ० वर घेतला की स्क्रीन कोरी. अशा वेळी कोड पुन्हा चाळत बसण्याआधी पुल-अप, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, लावलाय का ते बघा.

पोर्ट ० च्या प्रत्येक पिनमागे दोन ट्रान्झिस्टर आहेत. खालचा पिनला ग्राउंडकडे ओढतो. वरचा फक्त बाहेरची मेमरी वापरताना चालू होतो, एरवी बंदच. त्यामुळे ० लिहिला तर पिन खरोखर ० होते, पण १ लिहिला की ती नुसती अधांतरी सुटते. पोर्ट १, २, ३ ला आतच क्षीण पुल-अप असल्याने तिथे ही अडचण दिसत नाही.

उपाय सोपा आहे: १० किलोओमचा नऊ पायांचा रेझिस्टर पॅक, म्हणजे एका टोकाला जोडलेले आठ रेझिस्टर. त्यावर १०३ छापलेलं असतं आणि ठिपका असलेला पाय सामाईक असतो. चाळीस पायांच्या आयसीत ४० नंबरला व्हीसीसी (५ व्होल्टचा पुरवठा) आणि लगेच ३९ ते ३२ हा पोर्ट ०, त्यामुळे ठिपका ४० च्या ओळीत ठेवला की पॅक ब्रेडबोर्डवर एकही वायर न लावता बसतो. फार सुंदर जुळणी आहे ही!

पण पॅक उलटा बसला तर सामाईक पाय ३२ वर जातो आणि सगळ्या पिन एकमेकींना ओढू लागतात. पोर्टमध्ये सगळे १ असताना एकच पिन ग्राउंडला टेकवली, तर बाकीच्यांवर ५ ऐवजी साधारण २.५ व्होल्ट दिसतात. दोन टेकवल्या तर १.७ च्या आसपास, जिथे ० की १ याची खात्री नाही. लावण्याआधी मल्टिमीटरने मोजून घ्या: सामाईक पाय ते कुठलाही पाय १० किलोओम, इतर कुठल्याही दोन पायांत २०.

१० च का? ० असताना प्रत्येक पिनमधून अर्धा मिलिअँपिअर जातो, आठांचे मिळून ४. १ किलोओम लावला तर आठांचे ४० होतात, आणि डेटाशीटप्रमाणे पूर्ण पोर्ट ० ची मर्यादा २६ आहे.

या पुल-अपच्या जोरावर एलईडी पेटवायला जाऊ नका. १० किलोओममधून जेमतेम ०.३ मिलिअँपिअर मिळतो. एलईडी व्हीसीसीकडून १ किलोओम घालून पिनला जोडा आणि ० लिहून पेटवा.

पिनला ग्राउंडशी जोडणारं बटण वाचायचं असेल तर त्या पिनवर आधी १ लिहायलाच हवा. रीसेटनंतर सगळे पोर्ट १ च असतात, म्हणून सुरुवातीला बटण चालतं. मग प्रोग्रॅमने तिथे कुठेतरी ० लिहिला की खालचा ट्रान्झिस्टर चालू राहतो आणि बटण सोडलं तरी पिन ० च वाचली जाते. तेव्हा रेझिस्टर बदलून काही होणार नाही.