पहिला ब्रेक लोणी, दुसरा दगड

काका काँटेसा घेऊन आले ते मागच्या सीटवर कुर्ल्याहून आणलेला जुना ब्रेक बूस्टर, म्हणजे ब्रेकच्या पेडलला जोर देणारा डबा, घेऊनच. "हा बसव. ब्रेक मध्येच दगड होतो. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलंय, बूस्टर गेला."

गाडी १९९२ची, इसुझू इंजिनवाली. आधी नेहमीचं केलं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारलं, पाय तसाच दाबून धरला आणि चावी फिरवली. पेडल थोडं खाली बसलं, म्हणजे बूस्टर जोर लावतोय. मग इंजिन बंद करून चहा प्यायलो. अर्ध्या तासानं पहिला पाय मारला, तोही हलका. बूस्टरमधला डायफ्राम (रबरी पडदा) फाटला असता किंवा हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असता, तर आतली हवा ओढून तयार झालेला व्हॅक्यूम एवढा वेळ टिकला नसता.

"अरे, इथे नीटच चालतो. केम्प्स कॉर्नरला नेऊन बघ," काका म्हणाले.

दुपारी चारला, एसी लावून, लालबागहून निघालो. ताडदेवपर्यंत इंजिन चांगलंच तापलं. सिग्नलच्या अलीकडे ब्रेक मारला, छान. रांग जरा सरकून पुन्हा थांबली, मी परत पाय दिला आणि पेडल दगड! दोन्ही पायांनी दाबलं तेव्हा पुढच्या बेस्टच्या बसपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. काका शेजारी गप्प. बहुतेक माझ्यावर खूश असावेत.

पण पहिला हलका आणि लगेच दुसरा जड, यातच उत्तर होतं. पेडल दाबलं की बूस्टरच्या मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते, पुढच्या कप्प्यात व्हॅक्यूम असतो, त्या फरकानं जोर मिळतो. सोडल्यावर ती हवा मॅनिफोल्डनं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांनी, पुन्हा ओढून घ्यायला हवी. इथे साठा होता, भरणाच उशिरा होत होता.

गरम गाडी तशीच गाळ्यावर आणून बूस्टरच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्यूम मोजायचा गेज जोडला. आयडलिंगला १८ इंच (पाऱ्याचे), म्हणजे ठीकच. याच आकड्यावर बाकीचे फसले असणार. लागोपाठ दोनदा पेडल मारल्यावर सुई पडली आणि वर यायला कंटाळा करत राहिली. मॅनिफोल्डच्या तोंडाशी लावला तर तिथे सुई जागची हलेना.

राहिला मॅनिफोल्ड आणि बूस्टरच्या मधला पाइप. बाहेरून ठणठणीत. ब्लेडनं उभा चिरला तर आतलं अस्तर तेलाच्या वाफेनं फुगून सुटलेलं. गरम झालं की लोंबून वाट अडवत होतं. व्हॅक्यूमचाच जाड पाइप आणला, नव्या क्लिपा लावल्या आणि पुन्हा ताडदेव.

कुर्ल्याचा बूस्टर अजून माझ्या फळीवर आहे. काका न्यायला येतो म्हणतात.