डावीकडचे पान

"मावशी, चित्र तर उजवीकडे आहे, मग डावीकडचं पान कोण वाचतं?" आज दुपारी संगणकावर 'लघु पॅशन'ची पाने उलटत असताना भाचीने विचारले आणि माझा हात थांबला.

१५११ साली जर्मनीतील न्यूरेंबर्गला छापलेल्या या छोटेखानी पुस्तकात जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची ३७ काष्ठचित्रे (लाकडात कोरलेल्या ठशांवरून छापलेली चित्रे) आहेत, आणि ख्रिस्ताच्या यातनांच्या प्रसंगांसमोर बेनेडिक्टस केलिडोनियस या त्याच शहरातील मठवासी भिक्षूची लॅटिन पद्ये आहेत. मी मात्र इतकी वर्षे ती पद्ये ओलांडूनच पुढे जात आले.

संग्रहालयांतही ही चित्रे बहुधा सुट्या कागदांवर, पद्यांवाचूनच भेटतात. (कवीच्या नशिबी हे नेहमीचेच!) वास्तविक केलिडोनियसने एकाच वृत्तावर न थांबता निरनिराळी प्राचीन वृत्ते योजली होती; म्हणजे आधी डावीकडे लय धरावी आणि मग उजवीकडे नजर वळवावी, अशीच त्या पानांची रचना मला आज प्रथमच जाणवली.

"मला लॅटिन येत नाही," असे मी भाचीला प्रामाणिकपणे सांगितले.

"मग चित्र तरी पूर्ण पाहिलंस का?" तिने विचारले.