सतरा फवारण्या?

कपाशीवर एका हंगामात सरासरी सतरा फवारण्या, असं स्क्रीनवर आलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडे चार-पाच होतात, फार तर सहा-सात, बोंडअळीनं डोकं वर काढलं तर अजून एखादी. सतरा म्हणजे माणूस वावरातून घरी येतच नसेल.

सर्व्हे फवारणीतल्या विषबाधेचा होता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून मास्क, हातमोजे, किट यावर भाषणं भरपूर झाली, पण वावरात खरंच काय चालतं ते बघायला आमच्या संस्थेनं घरोघरी फॉर्म भरून घेतले होते. आकडेवारीचं सॉफ्टवेअर एसपीएसएस, त्याचं लायसन्स आमच्या बजेटात बसत नाही म्हणून मी पीएसपीपी वापरतो, फुकट आहे, मेनू बराचसा तसाच आहे आणि एसपीएसएसची फाईल पण उघडते.

पहिला संशय ९९ वर. 'माहीत नाही' ला आमचा कोड ९९, आणि व्हेरिएबल व्ह्यूमध्ये तो मिसिंग (म्हणजे उत्तर नाही, मोजू नको) म्हणून लावला नाही तर सॉफ्टवेअर बिचारं त्याला नव्व्याण्णव फवारण्या समजून सरासरीत घेतं. पण मिसिंग बरोबर लावलेलं होतं. मग फ्रिक्वेन्सीजमध्ये जाऊन मीडियन (ओळीतला मधला आकडा), स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) आणि हिस्टोग्राम (कोणता आकडा किती घरांचा, त्याचा आलेख) काढला. मीडियन आला पाच. स्टँडर्ड डेव्हिएशन सरासरीपेक्षाही मोठं, आणि फवारण्या काही शून्याच्या खाली जात नाहीत, म्हणजे वरच्या बाजूला नक्की काहीतरी भलतं बसलेलं. हिस्टोग्राममध्ये ते उघडच दिसलं, एक ढीग चार-ते-सहावर, मग मोकळं रान, मग दुसरा ढीग चाळीस ते साठच्या मधे. सतराच्या आसपास एक घर नाही!

आमच्या साहेबांचं म्हणणं, आउटलायर आहेत, म्हणजे बाकीच्यांपासून फार लांब पडलेले आकडे, काढून टाक, संध्याकाळी टेबलं पाठवायची आहेत. आता चुकून टाईप झालेले दोन-चार आकडे आउटलायर म्हणून काढले तर समजू शकतो, पण पाव डेटा आउटलायर कसा असेल हो?

प्रत्येक फॉर्मवर भरणाऱ्याचा कोड असतो (हा कॉलम लोक कंटाळून सोडतात, सोडू नका), त्यानुसार मीन्स (सरासऱ्या) काढले तर मोठे आकडे जवळपास सगळे एकाच पोरीच्या फॉर्मांतले. ऑफिसात लगेच कुजबुज, घरी बसून भरले असतील. मला ते पटेना, कारण घरी बसून भरणारा पाच-सहा टाकून मोकळा होतो, सत्तेचाळीस कशाला टाकेल? ती पोरगी तर भडकलीच, म्हणे "दादा, लोकायनं सांगतलं थेच लिवलं मी, नाही पटत तं चाला माह्यासंगं."

गेलो. गावात ज्यांच्या घरी पहिल्यांदा थांबलो ते काका धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून पऱ्हाटी (कपाशी) बघत होते, पाचेक एकर असेल. विचारलं, काका, फॉर्मात पन्नास फवारण्या लिहिल्यात, एवढ्या कशा? काका हसायलेच लागले.

"अजी साहेब, फवारन्या कोन मोजते? फवारनारा पंपावर पैसे घेते. एका खेपीले पन्नास पंप लागले मले, थेच सांगतलं."

एवढं साधं होतं. पंप म्हणजे पाठीवरची एक भरलेली टाकी, आणि खेप म्हणजे सगळ्या वावरावर एक फवारणी. ज्या गावांत लोक स्वतः पंप पाठीवर घेतात तिथं त्यांच्या हिशोबात 'खेप' राहते, आणि या पोरीकडे असलेल्या गावांत फवारणी मजुराकडून होते, पैसे पंपामागे, म्हणून मालकाच्या डोक्यात पंपच बसलेला. मग मला वाटलं दहानं भागून टाकू, एकरी दहा पंप असं सगळेच म्हणतात. तेही जमेना. पऱ्हाटी लहान असली की पाच-सहा पंपात एकर होतो, वाढून बोंडं धरली की दहा-बारा लागतात, शिवाय कोणी एका खेपेचे पंप सांगितलेले आणि कोणी एकराला हंगामभराचे. भागाकार करून सुंदर दिसणारा खोटा आकडा मिळाला असता फक्त. त्या घरांना परत विचारून खेपा आणि पंप असे दोन वेगळे कॉलम केले.

पण परत येताना गाडीवर डोक्यात दुसरंच चालू होतं. विषबाधेच्या हिशोबानं बघितलं तर कामाचा आकडा पंपाचाच आहे ना, किती वेळ औषध पाठीवर होतं ते त्यातून कळतं. आणि ते पन्नास पंप काकांनी मारलेच नव्हते. मारणारा माणूस आज यांच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या, आणि आमचा सॅम्पल काढला होता सातबारावाल्यांच्या यादीतून! 'डोळे झोंबतात का, मळमळ होते का' हे आम्ही धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारत होतो, आणि उत्तर 'नाही' येत होतं म्हणून खूश होत होतो.

साहेबांना हिस्टोग्राम दाखवला, थोडी वादावादी झाली, टेबलं त्या दिवशी गेली नाहीत. शेवटी मजुरांचा वेगळा फॉर्म मंजूर झाला, तो संध्याकाळी काम सुटल्यावर भरायचा, कारण दिवसा ती माणसं सापडत नाहीत. त्याची फाईल मी वेगळीच ठेवली आहे, तिथं एक ओळ म्हणजे एक माणूस, घर नाही, दोन्ही एकत्र केलं की परत भलतीच सरासरी येईल. पहिला प्रश्न त्या पोरीनंच लिहून दिला: काल किती पंप मारले?