न घेतलेल्या गोळीचा डोस

फिजिशियन मंडळी जीभ बघतात, घसा बघतात, पापणी खाली ओढून रक्त बघतात. मधल्या हिरड्या त्यांना दिसत नाहीत. बडोद्यात इतकी वर्षं हिरड्यांची डॉक्टर म्हणून बसल्यावर थोडा आकस साठतोच. पण या काकांच्या प्रकरणात त्यांच्या फिजिशियनवर हसायची सोय नाही, कारण माझ्याही हाती नक्की काय लागलं ते अजून ठरत नाहीये.

काका रेल्वेतून निवृत्त, वाडीत घर, रोज पहाटे कमाटीबागेत फेऱ्या. दिवाळी आटोपल्यावर आले ते खालचे पुढचे दात हलतात म्हणून. पिशवीत रक्ताचा रिपोर्ट होता. मी मागितला तर म्हणाले, "त्याचा दाताशी काय संबंध?" एकूण कोलेस्टेरॉल २३२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २६०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४६. धाकट्या भावाची बायपास झालेली, म्हणून फिजिशियननं एटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन जातीची गोळी १० मिलिग्रॅम लिहून दिली होती. साखर काठावर. तंबाखू नाही, दात हलतायत आणि तंबाखू नाही असा पेशंट माझ्या वाट्याला क्वचितच येतो.

प्रोबिंग बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडीच्या आत सरकवायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. आमची असिस्टंट बेन तो तक्त्यात लिहिते, गुजराती आकड्यांत. तीनपर्यंत ठीक. त्याहून खोल गेली की दात आणि हिरडीमधल्या त्या खोबणीला आम्ही पॉकेट म्हणतो. काकांच्या दाढांपाशी मी "सहा, पाच, सात" म्हणत गेले आणि जवळजवळ प्रत्येक जागेतून रक्त आलं. तोंड मोकळं मिळताच काकांनी विचारलं, "मार्क बरे पडले का?"

दातावरचं कीटण अल्ट्रासॉनिक मशीननं पटकन उडतं. तेवढंच उडवून 'पूर्ण सफाई'चे पैसे घेणारे या गावात पुष्कळ आहेत. खरं काम हिरडीच्या खाली असतं. तिथलं कीटण काळपट, मुळाला घट्ट धरलेलं, आणि ते डोळ्याला दिसत नाही, बोटांना लागतं. भूल देऊन क्युरेट, म्हणजे कीटण खरवडायचं हातातलं बारीक पातं, आत न्यायचा. ग्रेसी क्युरेटची धार एकाच कडेला असते, म्हणून दाढेच्या पुढच्या बाजूला ११-१२ नंबर आणि मागच्या बाजूला १३-१४. धार बोथट झाली तर कीटण निघत नाही, नुसतं घोटून गुळगुळीत होतं आणि बोटांना फसवतं. धार लावायचं काम मी आजवर कुणाच्या हाती दिलेलं नाही. पातं वर ओढताना आधी खरखर लागते, मग एका क्षणी ते काचेवरून निसटल्यासारखं येतं. तो क्षण यायला एकेका मुळाशी किती वेळ गेला हे बिलात लिहिता येत नाही.

काकूंना वेगळीच धास्ती. "सफाई केली की दात हलतात म्हणे." दात आधीपासूनच हलत असतात. कीटणानं ते एकमेकांना बांधून ठेवलेले असतात, एवढंच. सूज उतरली की हिरडी आक्रसते, फटी दिसू लागतात, थंड पाणी झोंबतं. हे सगळं आधी सांगून ठेवलं, तरी नंतर फोन आलाच.

आता 'दाताशी काय संबंध' याबद्दल. इतके पॉकेट म्हणजे तोंडात लपलेली कच्ची जखम. तिथले जंतू आणि त्यांच्या कवचातली विषं सतत रक्तात जातात. शरीर त्याला उत्तर म्हणून टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे दाहाचे निरोप सोडतं. ते यकृताला पोचले की ट्रायग्लिसराइडनं भरलेले कण जास्त बनतात, रक्तातून चरबी उचलणारं लायपोप्रोटीन लायपेज मंदावतं, एचडीएल उतरतं. पायोरिया असलेल्यांमध्ये एचडीएल कमी आणि एलडीएल-ट्रायग्लिसराइड जास्त आढळतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. काकांना मी एवढंच म्हटलं, "संबंध आहे. गोळी मात्र सोडू नका."

मार्च उजाडला. पॉकेट बहुतेक ठिकाणी तीन-चारवर आले होते, रक्त तुरळक. काका नवा रिपोर्ट नाचवत आले. एकूण १९६, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड १६५, एलडीएल १२४. सोबत नवी चिठ्ठी: एटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम.

"डॉक्टरबाई, तुमचं मशीन भारी! कोलेस्टेरॉल उतरवलंत."

"ते गोळीनं उतरवलं, काका."

"कुठली गोळी? मी एकही घेतलेली नाही."

काकू शेजारीच बसल्या होत्या. "मग दर महिन्याला मी पाकिटं कुणासाठी आणत होते?" पाकिटं देवघराखालच्या खणात होती, न फोडलेली. कमाटीबागेतल्या मंडळींनी सांगितलं होतं की ही गोळी पाय धरते आणि एकदा लागली की सुटत नाही. त्या बाकावर एमबीबीएस कुणी नाही, पण पेशंटचा विश्वास तिथंच असतो.

मग मला तो आकडा दिसला, जो खरं तर आधीच दिसायला हवा होता, फिजिशियनला. १० मिलिग्रॅम एटोरव्हास्टॅटिननं एलडीएल साधारण पस्तीस-चाळीस टक्के उतरतं. १४६ वरून नव्वदीच्या आसपास यायला हवं होतं. उतरलं पंधरा टक्के. त्यांनी ते पाहिलं, गोळी कमी पडतेय असं धरलं आणि दुप्पट केली. 'घेताय ना?' हा एक प्रश्न राहिला.

पण मग पंधरा टक्के कशानं?

माझं मन कुठं धावलं हे सांगायला नको. गोळी नाही, फक्त माझे हात, आणि रिपोर्ट समोर. असा पेशंट परिषदेत स्लाइडवर टाकायला कुणाला आवडणार नाही? पण २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं सगळं चाळून सांगितलं की हिरड्यांचा आजार आणि हृदयरोग यांचं नातं दिसतं, पण एकामुळे दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. २००७ मध्ये १२० पेशंटवरच्या एका चाचणीत हिरड्यांच्या कसून उपचारानंतर रक्तवाहिन्यांचं काम सहा महिन्यांनी सुधारलेलं दिसलं. पहिल्या चोवीस तासांत मात्र दाह उलट वाढला होता. उपचारानं कोलेस्टेरॉल उतरतं का, याची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या एका काकांनी ती जुळणार नव्हती.

मी काकूंना विचारायला लागले. पहिलं रक्त कधी दिलं? भाऊबीजेनंतर लगेच, आणि सकाळी चहा-खारी खाऊन. म्हणजे २६० मधले किती चकली-करंजीचे, कोण सांगणार? एलडीएल एका जेवणानं फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड हलतं. लॅबही दोन वेगळ्या. आणि मग काकूंनी सहज सांगितलं ते मी कुठल्याच पुस्तकाआधी विचारायला हवं असं आता वाटतं: दात दुखत होते तेव्हा वर्षभर काका चावतच नव्हते. शिरा, तूप घालून मऊ भात, चहात बुडवलेली खारी, फार तर रश्शात भिजवलेलं सेव-उसळ. "आता भाकरी खातात हो. काकडी, मुळा, गाजर. परवा दाणे मागितले."

म्हणजे सफाईनं उतरलं असेलही, पण दाहाच्या वाटेनं की मुळ्याच्या, ते या रिपोर्टात लिहिलेलं नाही.

फिजिशियनला फोन लावला आणि काकांना स्वतः बोलायला लावलं. पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग, "म्हणजे न घेतलेल्या गोळीचा डोस मी वाढवला?" काकांनी "सॉरी साहेब" म्हटलं, पण चेहऱ्यावर विजयच होता. मी फोन घेतला तर मला ऐकवलं, "मॅडम, दात घासून एलडीएल उतरत असतं तर मी दवाखान्याला कुलूप लावलं असतं." मी म्हटलं, मी तसं म्हणतच नाहीये. भावाची बायपास लक्षात घेता गोळी हवीच यावर आमचं एकमत झालं, १० पासूनच. फक्त सुरू करण्याआधी एकदा, बारा तास उपाशी, मार्चमधल्याच लॅबमध्ये रक्त द्यायचं एवढी माझी अट.

त्यात एलडीएल १३० आलं, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ४०. काकांच्या मते चढलेले सहा पाडव्याच्या श्रीखंडाचे. मी सांगितलं की एवढा फरक त्याच माणसात, काहीही न बदलता येऊ शकतो.

काकांना गोळीला राजी करायला मला कामाला आली ती बंगळुरूच्या सरकारी दंत महाविद्यालयातली माहिती. तिथं सिम्व्हास्टॅटिनसारख्या स्टॅटिनची १.२ टक्क्यांची जेल पॉकेटमध्ये भरून झिजलेलं हाड भरतं का ते तपासलं गेलं आणि निकाल आशादायक आले. "ज्या जातीच्या गोळीला तुम्ही घाबरता, ती आम्ही हिरडीत भरून बघतो." हे मात्र त्यांना पटलं, बागेत सांगायला नवीन मिळालं म्हणून असेल. आता काकू रात्री समोर उभ्या राहून गोळी देतात आणि काका तीन महिन्यांनी माझ्याकडे येतात. पुढचा रिपोर्ट उतरला तर श्रेयावरून भांडण होणार, यात शंका नाही.

फिजिशियनना मी एक विनंती करून ठेवली आहे: चाळिशीच्या पुढचा, लिपिड (रक्तातली चरबी) बिघडलेला पेशंट आला की 'ब्रश करताना रक्त येतं का' एवढं विचारा, आणि येत असेल तर सफाईआधीचं उपाशीपोटी रक्त घेऊन मग माझ्याकडे पाठवा. "बघू," म्हणाले. गेल्या आठवड्यात त्यांनी रावपुऱ्याच्या एका मधुमेही बाईंना पाठवलं. रिपोर्ट सोबत होता, उपाशीपोटीचा.