नवऱ्याची सही

मागच्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी मंडळाने कॉलेजच्या पंचवीस-तीस मुलामुलींशी गर्भपाताबद्दल बोलायला मला बोलावलं. बडोद्यात २२ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, विषय रोजचाच. तरी घरून निघताना धाकधूक होती, कारण पहिल्या रांगेत मंडळाच्या काकू बसणार होत्या.

आधी हात वर करायला सांगितलं. बलात्कारातून दिवस गेले तर? सगळे हात वर. पोटात मुलगी आहे म्हणून? एकही नाही. लग्न न झालेल्या मुलीला नको असेल तर? चार-पाच हात, तेही खांद्यापर्यंतच. मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता बहुतेकांचं उत्तर ‘हो’. एका चिठ्ठीत पुढे लिहिलं होतं, ‘पण आईला कळता कामा नये.’

मग कायदा सांगितला. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक फसलं तर, या कारणापुढे विवाहित स्त्री आणि तिचा नवरा असे शब्द होते. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे स्त्री आणि तिचा जोडीदार असं केलं. काही ठरावीक परिस्थितींत मुदत २० वरून २४ आठवडे झाली, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती अविवाहित मुलींनाही लागू केली. २४ आठवड्यांनंतर मात्र गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्यावर मागून एक मुलगा उठला. “माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. सगळ्यांना जी मुदत, ती अशा बाळाला नाही. असं का?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तसं त्याला सांगितलं. अजूनही नाही.

पुढे मी म्हणाले, सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूचीही नाही.

“मग माझ्या वहिनीला परत का पाठवलं?” दुसऱ्या रांगेतली मुलगी बसल्या जागेवरूनच बोलली. “दादा दुबईला होता. सही आणा म्हणाले. त्यात तीन आठवडे गेले. गोळ्यांनी झालं असतं, शेवटी क्युरेटिंग करावं लागलं.”

कुठल्या दवाखान्यात, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण माझ्या टेबलाच्या खणातही तोच कागद होता. सरकारी संमतीपत्रात नवऱ्याच्या सहीची ओळच नाही. आम्ही वेगळं पान छापून घेतलं होतं. शिकले तिथे तशीच पद्धत होती, आणि उद्या नवरा येऊन भांडला तर, ही भीती. हे मी हॉलमध्ये बोलून दाखवलं. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे तुमची भीती, आणि थांबायचं वहिनीने?”

मी गप्प होते. पहिल्या रांगेतल्या एक काकू मागे वळून तिला म्हणाल्या, “माझ्या वेळी तर सासऱ्यांची सही घेतली होती गं.” सत्तरीच्या असतील. या विषयावर त्या कधी चारचौघांत बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

त्या मुलीचा प्रश्न झोपेपर्यंत डोक्यात होता. सोमवारी सकाळी ती पानं काढली आणि फाडून टाकली. आमच्या जुन्या सिस्टरनी गुजरातीत विचारलं, बेन, नवरा येऊन तमाशा करेल त्याचं काय? म्हटलं, मला बोलवा.

गुरुवारी एक जण आला. बायकोचं नाव सांगून, ती इथे आली होती का, कशासाठी आली होती, असं रिसेप्शनवर मोठ्याने विचारत होता. सिस्टरनी मला बोलावलं. बाईची ओळख डॉक्टरने उघड करायची नाही असं कायदा सांगतो, तेवढंच मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मी नवरा आहे तिचा. मी म्हटलं, तिलाच विचारा.

अर्धा तास तो बाकावर बसून होता. मग उठून गेला.