‘आता सीआयडीतून कोण जाणार?’

भाजीवाल्या मावशींपासून नणंदेपर्यंत सगळे सीआयडी या टीव्ही मालिकेबद्दल हेच विचारतात, म्हणून एकदाच सांगते. माझी चॅनेलमध्ये कुणाशी ओळख नाही. कर्वेनगरात राहते, मुंबईतलं शूटिंग कधी पाहिलेलं नाही. मी फक्त नीट बघते, १९९८ पासून.

एखाद्याचे संवाद कमी झाले, ‘तो दुसऱ्या केसवर गेलाय’ असं दोन-तीनदा कानावर आलं, की तारखांची अडचण असणार असं मी धरते. ज्याच्या घरच्यांचा कधी उल्लेख नव्हता त्याची अचानक बायको-मुलं दिसली, की माझ्या पोटात गोळा येतो. येणारेही असेच हेरते. आदित्य श्रीवास्तव आधी एका भागात गुन्हेगार होते, मग इन्स्पेक्टर अभिजीत झाले. म्हणून एका भागापुरत्या आलेल्यांकडेही लक्ष ठेवते. बस, एवढंच.

फ्रेडी साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. वर्षभराने मालिका परत आली, तेव्हा ‘फ्रेडीच्या जागी कोण?’ असं विचारणाऱ्यांशी मी बोललेच नाही. माणूस गेल्यावर कसला अंदाज बांधायचा?

आता आत्याचं सांगते. ती सदाशिव पेठेत एकटी राहते. दिसतं कमी, त्यामुळे सीआयडी ती बघत नाही, ऐकते. रिमोटच्या बंद करायच्या बटणावर तिने चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, बोटाला लागावा म्हणून. शनिवारी मी तिच्याकडे असायचे. एप्रिल २०२५ मध्ये शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न मेल्याचं दाखवलं, तेव्हा तिने विचारलं, “गेले का गं साटम?”

“गेले, आत्या. आता नाही यायचे.”

“नक्की?”

“नक्की. मी सांगते ना!”

तिने अंगठ्याने चिकटपट्टी चाचपली आणि टीव्ही बंद केला. चहा तसाच राहिला. पुढच्या शनिवारी टीव्ही लावायला गेले तर म्हणाली, “राहू दे. कुणासाठी ऐकू?”

काही आठवड्यांनी साटम परतले. मी लगेच फोन केला. ती शांतपणे म्हणाली, “असू दे. आता तू नको सांगूस मला काही.”

माझं काय चुकलं? वाहिनीनेच १९९८ ते २०२५ अशी वर्षं घालून श्रद्धांजलीची पोस्ट टाकली होती. पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून येतही होता. त्यावर कुणीही हेच म्हटलं असतं. हे मी स्वतःला कितीदा तरी ऐकवलंय.

पण शिवाजी साटम यांनी स्वतः सांगितलं होतं, की मी काही काळ विश्रांती घेतली आहे आणि माझा ट्रॅक संपल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. ते मी वाचलं होतं. आत्याला सांगितलं नाही. मला ‘नक्की’ म्हणायचं होतं. आठ-दहा जणांना आधीच सांगून बसले होते, आणि प्रद्युम्न मेले तेव्हा, खरं सांगते, माझं म्हणणं खरं ठरल्याचा मला आनंद झाला होता. शेजारी आत्या बसली होती आणि तरीही झाला.

पुढे एकदा तिनेच इन्स्पेक्टर दयाबद्दल विचारलं, “दया राहील ना गं?”

“माहीत नाही,” म्हटलं. अंदाज होता माझा.