चहा तीनदा गार झाला

एमएचा पेपर जवळ आलाय म्हणून आज दिवसभर अमेरिकेचं अध्यक्षपद घेऊन बसले. मला आपलं वाटायचं, जगातला सगळ्यात पॉवरफुल माणूस, सही ठोकली की काम झालं. कसलं काय! १९५२ मध्ये तिकडे कोरियात युद्ध चालू, इकडे पोलाद कामगार संपाच्या तयारीत, म्हणून तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमननी सरळ कारखानेच सरकारच्या ताब्यात घेतले आणि दोन महिन्यांच्या आत सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ती ऑर्डर उडवली. गंमत म्हणजे नऊच्या नऊ जज आधीचे अध्यक्ष रूझवेल्टनी नाहीतर ट्रुमननी नेमलेले, त्यात ट्रुमनचे स्वतःचे चार, त्यातलेही दोघं उलटले :) घटनेतलं अध्यक्षपदाबद्दलचं कलम २ पण वाचलं, एवढुसं तर आहे! व्हेटो (अध्यक्षाचा विधेयक नाकारायचा अधिकार) उद्या, आज डोकं बंद.